नव्या अँटिबायोटिकचा ब्रेकपॉइंट कसा ठरतो: लॅबमध्ये नवीन आलेल्यांसाठी

नवीन अँटिबायोटिक बाजारात आलं की थोड्याच दिवसांत आयसीयूतून फोन येतो, "मॅडम, हे सेन्सिटिव्ह आहे का तेवढं लावून सांगा ना." डिस्क (औषध लावलेली कागदाची चकती) मिळते, तिच्याभोवती बॅक्टेरिया न वाढलेला झोनही येतो, समजा १९ मिमी. आता १९ म्हणजे एस (सेन्सिटिव्ह, औषध चालेल) की आर (रेझिस्टंट, चालणार नाही)? ही सीमारेषा म्हणजेच ब्रेकपॉइंट. नवीन जॉइन झालेला रेसिडेंट किंवा एमएस्सीवाला पहिल्यांदा इथेच अडकतो, आणि मग कोणीतरी जुन्या, त्याच फॅमिलीतल्या औषधाचा तक्ता उघडून त्यातला आकडा वापरून टाकतं. हे करू नका. प्रत्येक औषधाचा आकडा वेगळा असतो आणि तो कसा ठरतो ते एकदा नीट कळलं की रिपोर्टवर काय लिहायचं आणि काय नाही हे आपोआप सुचायला लागतं.

मुंबईत हा विषय दोन ठिकाणी उपयोगी पडतो. एक म्हणजे परळ-सायनकडच्या मोठ्या हॉस्पिटलांच्या मायक्रोबायोलॉजी डिपार्टमेंटमध्ये, आणि दुसरं औषध कंपन्यांच्या किंवा त्यांच्यासाठी स्टडी करणाऱ्या लॅबमध्ये, जिथे नवीन मॉलिक्यूलचा डेटा प्रत्यक्ष तयार होतो. मी दोघांना धरूनच लिहितोय.

आधी हे क्लिअर करून घ्या

ब्रेकपॉइंट हा फक्त औषधाचा नसतो. तो अमुक औषध, अमुक डोस, अमुक जातीचा बॅक्टेरिया आणि अमुक टेस्ट पद्धत या चौघांचा मिळून असतो, यातलं एक जरी बदललं तरी आकडा लागू होईलच असं नाही. अमेरिकेची सीएलएसआय आणि युरोपची युकास्ट या दोन संस्था हे आकडे ठरवतात, आपल्याकडे बहुतेक लॅब सीएलएसआय वापरतात आणि काही औषधांसाठी युकास्ट बघतात. डेटा कसा गोळा करायचा याचं सीएलएसआयचं डॉक्युमेंट एम२३, आणि दरवर्षी निघणारे तक्ते म्हणजे एम१००. युकास्टचे तक्ते वेबसाइटवर फुकट असतात, एम१०० पण ऑनलाइन फुकट वाचता येतं, त्यामुळे पाच वर्षांपूर्वीची झेरॉक्स भिंतीवर लावून ठेवायला काही कारण नाही.

अजून एक. दोघांची भाषा सारखी नाही. युकास्टने २०१९ पासून आय (एस आणि आर यांच्या मधली कॅटेगरी) चा अर्थच बदलला, त्यांच्याकडे आय म्हणजे डोस वाढवला तर चालेल. सीएलएसआयमध्ये त्यासाठी एसडीडी (ससेप्टिबल-डोस डिपेंडंट) अशी वेगळी कॅटेगरी आहे आणि आय अजून इंटरमीडिएटच आहे. रिपोर्टवर नुसतं आय लिहून कुठलं गाइडलाइन ते लिहिलं नाही तर वॉर्डातला डॉक्टर गोंधळणारच.

पायरी १: पद्धत पक्की करा, आकड्याचा विचार नंतर

सगळी सुरुवात एमआयसीपासून (बॅक्टेरियाची वाढ थांबवणारं औषधाचं सगळ्यात कमी प्रमाण) होते, आणि रेफरन्स पद्धत म्हणजे ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, ९६ खळग्यांची ट्रे, त्यात खळग्यागणिक औषध निम्मं होत जातं (ही एकेक पायरी म्हणजे एक डायल्यूशन). इथे गडबड असेल तर पुढचं सगळं वाया, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

पावडरपासून सुरू करू. कंपनीकडून आलेल्या पावडरच्या सर्टिफिकेटवर पोटेन्सी लिहिलेली असते, समजा ८५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिग्रॅम. तुम्हाला ५१२० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचं १० मिली स्टॉक हवंय, म्हणजे ५१२०० भागिले ८५०, साधारण ६०.२ मिग्रॅ. पण बॅलन्सवर नेमकं ६०.२ आणत बसू नका, जवळपास जे येईल ते घ्या आणि पाणी त्या हिशोबाने घाला. ६२ मिग्रॅ आलं तर ६२ गुणिले ८५० भागिले ५१२०, म्हणजे १०.२९ मिली. हाताला सोपं आणि जास्त अचूक. आता जुलै महिन्यात मुंबईत बाटली उघडी ठेवून गप्पा मारल्या तर पावडर हवेतलं पाणी ओढते आणि तुम्ही औषधाऐवजी पाणी वजन करताय, म्हणून डेसिकेटरमधून काढा, रूम टेंपरेचरला येऊ द्या, मगच झाकण उघडा, पटकन वजन करा, परत आत.

ब्रॉथ म्हणजे कॅटआयन-ॲडजस्टेड म्युलर हिंटन, कॅल्शियम २० ते २५ मिग्रॅ/लिटर, मॅग्नेशियम १० ते १२.५, पीएच ७.२ ते ७.४. बॅक्टेरियाचा गढूळपणा ०.५ मॅकफारलंड, आणि खळग्यात शेवटी ५ लाख सीएफयू (कॉलनी बनवू शकणारे जिवंत बॅक्टेरिया) प्रति मिली. हे ५ लाख खरंच आलेत का ते बघायची सोपी युक्ती आहे, ग्रोथ कंट्रोलच्या (औषध नसलेल्या) खळग्यातून ट्रे लावल्या लावल्या १० मायक्रोलिटर काढा, १० मिली सलाइनमध्ये घाला, त्यातलं ०.१ मिली प्लेटवर पसरा, दुसऱ्या दिवशी ५० च्या आसपास कॉलनी दिसल्या की बरोबर. ५०० दिसल्या तर बीटा-लॅक्टमचे (पेनिसिलिनच्या फॅमिलीतल्या औषधांचे) आकडे उगाच वर चढलेले असू शकतात. ही प्लेट प्युरिटीसाठीही चालते, दोन प्रकारच्या कॉलनी दिसल्या तर तो रिझल्ट कचऱ्यात.

नवीन औषधाच्या बाबतीत खरा प्रश्न असा की नेहमीची पद्धत त्याला चालते का. प्रत्येक औषधाची काहीतरी खोड असते. डॅप्टोमायसिनला कॅल्शियम ५० लागतं. डॅल्बाव्हॅन्सिन आणि ओरिटाव्हॅन्सिन प्लास्टिकला चिकटतात म्हणून ०.००२ टक्के पॉलिसॉर्बेट-८० घालावं लागतं. सेफिडेरोकॉल लोखंडाच्या वाटेने बॅक्टेरियात शिरतं म्हणून त्याच्या ब्रॉथमधून लोह काढून टाकावं लागतं. टायगेसायक्लिनला ब्रॉथ ताजा हवा, १२ तासांच्या आतला. फॉस्फोमायसिन अगर डायल्यूशनने करतात आणि त्यात ग्लुकोज-६-फॉस्फेट २५ मिग्रॅ/लिटर. त्यामुळे नवीन मॉलिक्यूल हातात आला की पीएच वर-खाली करून, कॅल्शियम-झिंक बदलून, इनॉक्युलम (घातलेले बॅक्टेरिया) दहापट करून, सिरम घालून एमआयसी किती हलते ते आधी बघा. कंटाळवाणं काम आहे, पण हेच न केल्यामुळे पुढे दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत आणि सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

कॉम्बिनेशन (अँटिबायोटिक आणि बॅक्टेरियाचं बीटा-लॅक्टमेज एन्झाइम बंद पाडणारा इनहिबिटर) असेल तर अजून एक निर्णय. अविबॅक्टम ४ मिग्रॅ/लिटरवर फिक्स ठेवतात, व्हॅबोरबॅक्टम ८ वर, एन्मेटाझोबॅक्टम ८ वर, दुसऱ्या औषधाचंच डायल्यूशन होतं. पण मुंबईच्या वोखार्टचं सेफेपिम-झिडेबॅक्टम १:१ प्रमाणात टेस्ट करतात. कारण झिडेबॅक्टम स्वतः पीबीपी२ ला (बॅक्टेरियाची भिंत बांधणारं एक प्रोटीन) धरतं आणि ई. कोलायसारख्या बॅक्टेरियाला एकट्यानेच मारू शकतं. असं औषध ४ वर फिक्स ठेवलं तर सगळ्याच खळग्यांत वाढ थांबेल आणि एमआयसीला काही अर्थ उरणार नाही.

वेळेचं पण लिहून ठेवा. ट्रे १६ ते २० तासांत वाचायची, आणि ज्या दिवशी सकाळी कुर्ला-सायनला रुळावर पाणी भरतं त्या दिवशी वाचणारा माणूस दुपारी पोचतो. जून ते सप्टेंबर रोज दोन जणांची ड्यूटी लावा, त्यातला एक लॅबच्या जवळ राहणारा. २६ तासांनी वाचलेला आकडा "चालेल हो" म्हणून शीटमध्ये घुसवू नका.

पायरी २: क्यूसी रेंज

क्यूसी म्हणजे क्वालिटी कंट्रोल, पद्धत बरोबर चालतेय का ते ओळखीच्या स्टँडर्ड स्ट्रेनवर बघणं (खालचे आकडे म्हणजे एटीसीसी या संग्रहातले स्ट्रेनचे नंबर). ई. कोलाय एटीसीसी २५९२२, स्युडोमोनास २७८५३, स्टॅफ ऑरियस एमआयसीसाठी २९२१३ आणि डिस्कसाठी २५९२३, एंटेरोकोकस २९२१२. इनहिबिटरवालं औषध असेल तर बीटा-लॅक्टमेज बनवणारा स्ट्रेन हवाच, जसा क्लेबसिएला ७००६०३, नाहीतर इनहिबिटर मेलेला असला तरी क्यूसी पासच दिसेल.

रेंज एका लॅबमध्ये ठरत नाही. एम२३ प्रमाणे कमीत कमी सात लॅब, ब्रॉथचे तीन वेगवेगळे लॉट, प्रत्येक लॅबमध्ये दहा-दहा वेळा. सगळे आकडे एकत्र करून किमान ९५ टक्के आत बसतील अशी रेंज काढतात, बहुतेक वेळा मधला आकडा आणि दोन्ही बाजूंना एकेक डायल्यूशन. सातातली एक लॅब सतत एक डायल्यूशन वर दाखवत असेल तर तिला गुपचूप वगळायचं नसतं, आधी कारण शोधायचं.

पायरी ३: स्ट्रेन जमवा आणि हिस्टोग्राम काढा

मला विचाराल तर अख्ख्या प्रोसेसमधला सगळ्यात बोलका भाग हाच. वेगवेगळ्या हॉस्पिटलांतले, अलीकडचे स्ट्रेन घ्या, एका पेशंटचा एकच. एकाच आयसीयूमधले वीस क्लेबसिएला आणले तर ते वीस नाहीत, बहुधा एकच क्लोन वीस नावांनी आलाय. आपल्याकडे एनडीएम आणि ओएक्सए-४८ सारखे कार्बापेनेमेज (कार्बापेनेम औषधं तोडणारे एन्झाइम) भरपूर, कधी दोन्ही एकाच स्ट्रेनमध्ये, शिवाय ई. कोलायमध्ये पीबीपी३ मध्ये चार अमिनो ॲसिड घुसलेले स्ट्रेनही सापडतात ज्यांच्यात ॲझट्रिओनाम-अविबॅक्टमची एमआयसी वर जाते. बाहेरच्या देशातल्या कलेक्शनमध्ये हे कमी असतात, म्हणून इथल्या डेटाला किंमत आहे.

समजा एक काल्पनिक औषध, ३०० क्लेबसिएला, आकडे एमआयसीचे, मिग्रॅ/लिटरमध्ये. २३८ स्ट्रेन ०.०६ ते ०.५ च्या ढिगात, मधोमध ०.१२ आणि ०.२५ वर गर्दी. मग १ आणि २ वर मिळून १४. आणि १६ च्या पुढे ४८. डावीकडचा ढीग म्हणजे वाइल्ड टाइप, ज्यांनी काही रेझिस्टन्स कमावलेला नाही. त्या ढिगाची उजवी कड म्हणजे इकॉफ, इथे ०.५. हे नुसतं डोळ्यांनी नाही ठरवत, त्यासाठी इकॉफफाइंडर नावाची एक्सेल शीट मिळते. युकास्ट किमान पाच लॅबचा डेटा आणि १०० हून जास्त आकडे मागते, एका लॅबच्या हिस्टोग्रामवर इकॉफ जाहीर होत नाही.

याचा उपयोग काय? एमआयसी टेस्ट स्वतःच एक डायल्यूशन इकडेतिकडे हलते. कोणी हौसेने ब्रेकपॉइंट ०.१२ वर ठेवला तर ढीग मधोमध चिरला जाईल, आणि तोच स्ट्रेन सोमवारी एस आणि मंगळवारी आर निघेल, स्ट्रेनमध्ये काहीच बदललेलं नसताना. म्हणून वाइल्ड टाइप फोडायचा नाही हा जवळजवळ कायदाच आहे. मात्र इकॉफ म्हणजे ब्रेकपॉइंट नव्हे. इकॉफ एवढंच सांगतो की हा स्ट्रेन नेहमीसारखा आहे की नाही, पेशंट बरा होईल का ते नाही.

पायरी ४: डोसचं गणित

इथे लॅबवाले घाबरतात. गणित मोठं आहे पण कल्पना साधी आहे, रक्तात मोकळं औषध किती वेळ किंवा किती प्रमाणात एमआयसीच्या वर राहतं. बीटा-लॅक्टमसाठी किती टक्के वेळ वर राहिलं ते महत्त्वाचं, क्विनोलोनसाठी एयूसी (रक्तातल्या औषधाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ, म्हणजे एकूण किती औषध मिळालं) भागिले एमआयसी. टार्गेट किती हवं ते उंदराच्या मांडीतल्या इन्फेक्शनच्या मॉडेलवरून येतं. आणि प्रोटीनला चिकटलेलं औषध मोजायचं नाही, फक्त मोकळं.

आपलं काल्पनिक औषध एयूसीवालं धरू. २४ तासांचा एयूसी मधल्या पेशंटमध्ये १२०, ८० टक्के प्रोटीनला चिकटतं, उरलं २४. टार्गेट २४ असेल तर एमआयसी १ पर्यंत चालेल असं वाटतं. पण मधला पेशंट म्हणजे अर्धे पेशंट त्याच्या खाली! एमआयसी १ ला निम्म्या लोकांनाच औषध पुरतंय. म्हणून मॉन्टे कार्लो सिम्युलेशन करतात, कॉम्प्युटरवर हजारो काल्पनिक पेशंट, कोणाची किडनी जोरात चालते, कोणाची बसलीये, कोणाचं वजन ४५ किलो तर कोणाचं ११०. मग प्रत्येक एमआयसीला किती टक्के लोक टार्गेट गाठतात ते बघायचं, साधारण ९० टक्क्यांची अपेक्षा असते. समजा ०.५ ला ९३ टक्के आले आणि १ ला ५०. मग डोसच्या बाजूने आकडा ०.५. आणि डोस दुप्पट करणं सेफ असेल, एयूसीही त्याच प्रमाणात वाढत असेल, तर १ ला पण ९३ टक्के होतील, आणि मग १ ला एसडीडी ठेवण्याचा विचार करता येतो. रिपोर्टवर एसडीडी लिहिलं आणि वॉर्डात डोस जुनाच चालू राहिला तर त्या अक्षरांचा उपयोग शून्य, म्हणून कॉमेंटमध्ये डोस लिहाच. खरी उदाहरणं हवी असतील तर सीएलएसआयने २०१४ मध्ये सेफेपिमला आणि २०२२ मध्ये पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमला एन्टेरोबॅक्टेरेल्ससाठी (ई. कोलाय, क्लेबसिएला यांचा गट) एसडीडी आणलं ते वाचा.

पायरी ५: पेशंटचा डेटा

ऐकायला सगळ्यात महत्त्वाचा आणि प्रत्यक्षात बहुतेकदा सगळ्यात तुटपुंजा. नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये जास्त एमआयसीवाले पेशंट मोजकेच असतात, आणि ट्रायल युरिन इन्फेक्शनची असेल तर लघवीत औषध एवढं साठतं की बऱ्याचदा सगळेच बरे होतात, त्यावरून न्यूमोनियाचं काही सांगता येत नाही. एमआयसीप्रमाणे किती बरे झाले याचा तक्ता मांडा, पण चार पेशंटवरून टक्केवारी काढून मिरवू नका.

मग तिन्ही आकडे शेजारी ठेवायचे. आपल्या उदाहरणात इकॉफ ०.५, डोसचा आकडा ०.५, पेशंटचा डेटा विरोधात नाही, तर एस म्हणजे ०.५ किंवा कमी. नेहमी एवढं सरळ नसतं. कॉलिस्टिनचं बघा, डोस आणि विषारीपणा यात जागाच उरत नाही, शेवटी सीएलएसआयने २०२० मध्ये एस कॅटेगरीच काढून टाकली, २ पर्यंत आय आणि ४ पासून आर. तुम्ही अजून कॉलिस्टिन एस लिहीत असाल तर आजच थांबवा. ठरलेला आकडाही कायमचा नसतो, मेरोपेनेमचा एन्टेरोबॅक्टेरेल्ससाठीचा एस २०१० मध्ये ४ वरून १ वर आला.

पायरी ६: डिस्कचे मिलिमीटर

आता १९ मिमीचं उत्तर. एकच स्ट्रेन, त्याच सस्पेन्शनमधून ट्रे पण आणि डिस्क पण. एका अक्षावर एमआयसी, दुसऱ्यावर झोन, आणि झोनची रेघ अशी सरकवायची की चुका कमीत कमी होतील. आर असून डिस्कने एस दाखवणं ही व्हेरी मेजर चूक, उलटं झालं तर मेजर, मधल्या कॅटेगरीशी घोळ झाला तर मायनर. धरू की मधल्या कॅटेगरीचा आकडा १ आहे. एम२३ प्रमाणे ४ आणि त्यावरच्या स्ट्रेनमध्ये व्हेरी मेजर २ टक्क्यांच्या आत हवेत, ०.२५ आणि खालच्यांत मेजर २ टक्क्यांच्या आत, आणि मधल्या पट्ट्यात म्हणजे ०.५ ते २ मध्ये दोन्ही प्रत्येकी १० टक्क्यांपर्यंत आणि मायनर ४० पर्यंत सूट. आपल्याकडे ४ च्या वर ४८ स्ट्रेन आहेत. एक जरी चुकला तरी २.०८ टक्के, म्हणजे फेल! रेझिस्टंट स्ट्रेन भरपूर लागतात ते याचसाठी.

प्लेटकडे दुर्लक्ष करू नका. अगर ४ मिमी जाड, ९० मिमीच्या प्लेटला साधारण २५ मिली. पातळ ओतलं की झोन मोठे आणि रेझिस्टंट स्ट्रेन सेन्सिटिव्ह दिसायला लागतो, घरी ओतलेल्या प्लेटमध्ये हे फार होतं, कारण टेबल सपाट नसतं आणि एका बाजूला ५ मिमी तर दुसरीकडे ३. कापून पट्टीने मोजा, लाजू नका. पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या प्लेटवर थेंब असतात, झाकण थोडं तिरकं ठेवून इन्क्युबेटरमध्ये १०-१५ मिनिटं सुकवा. डिस्कची डबी फ्रिजमधून काढल्या काढल्या उघडू नका, तासभर तरी बाहेर राहू दे, नाहीतर आतल्या आत दव पडतं आणि बीटा-लॅक्टम खलास. प्लेटवर बॅक्टेरियाचं लॉन लावल्यावर १५ मिनिटांत डिस्क, डिस्कनंतर १५ मिनिटांत इन्क्युबेटर. आणि काही औषधांना डिस्क जमतच नाही, कॉलिस्टिन अगरमध्ये नीट पसरत नाही, तिथे हट्ट सोडायचा.

पायरी ७: आपल्या लॅबमध्ये आणताना

हॉस्पिटलच्या लॅबने स्वतःचा ब्रेकपॉइंट बनवायचा नसतो, छापलेला आकडा आपल्या हातात बरोबर चालतो का तेवढं तपासायचं. किमान ३० स्ट्रेन घ्या, त्यात रेझिस्टंट आणि बॉर्डरवरचे मुद्दाम घाला, सगळे एस घेतले तर ९० टक्के जुळणं काहीच सिद्ध करत नाही. ऑटोमेटेड मशीन असेल तर त्यात कुठल्या वर्षाचे ब्रेकपॉइंट भरलेत ते कंपनीच्या इंजिनियरला लेखी विचारा, तोंडी "अपडेटेड आहे सर" पुरत नाही. पॅनेलवर सगळ्यात कमी डायल्यूशन २ असेल आणि एसचा आकडा ०.५ असेल तर मशीन तो आकडा दाखवूच शकत नाही, तिथे स्ट्रिप किंवा ब्रॉथ.

ब्रेकपॉइंट अजून छापलाच नसेल आणि वॉर्ड फारच मागे लागला असेल तर एमआयसी करा, आकडा द्या, खाली लिहा की इंटरप्रिटेशनचे निकष उपलब्ध नाहीत, आणि फोनवर डोस काय चाललाय, इन्फेक्शन कुठलं ते विचारून घ्या. नुसत्या झोनवरून एस-आर देऊ नका. आणि सॉफ्टवेअरमध्ये फक्त एस-आर सेव्ह न करता मूळ एमआयसी किंवा मिलिमीटर सेव्ह होतायत ना ते आयटीवाल्याकडून आत्ताच करून घ्या, पुढच्या एम१०० मध्ये आकडा बदलला तर जुना डेटा नव्या आकड्याने परत वाचता येतो, नुसती अक्षरं ठेवली असतील तर नाही येत.